खडा, झुरळ आणि प्रमाणपत्र

'प्रशिक्षण' हा आपल्या सार्वजनिक भाषेतला फार सोज्वळ शब्द आहे. त्याला विरोध करणारा माणूस एक तर अडाणी ठरतो किंवा दुष्ट. शतकानुशतके ज्यांना विद्येपासून, संपत्तीपासून आणि माणसाला साजेशा कामापासून दूर ठेवले, त्यांना नोकरीच्या जागी नवे कौशल्य शिकवायचे म्हटले तर त्यात खोट कोण काढणार? प्रस्तुत लेखात मी ती काढणार आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील सफाई कामगार हे माझ्यासमोरचे उदाहरण आहे. मात्र जे लिहितो आहे ते राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू पडावे. माझे म्हणणे थोडक्यात असे. कामगाराच्या अंगी काहीतरी कमी आहे आणि ती कमतरता भरून काढली की प्रश्न सुटतो, या गृहीतकावर हे सगळे प्रशिक्षण उभे आहे. हे गृहीतक खोटे आहे. कमतरता आहे ती दुसऱ्याच ठिकाणी, आणि ती झाकून ठेवण्याचे काम 'प्रशिक्षण' हा शब्द इमाने इतबारे करतो आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट या पानांच्या वाचकांनी पाहिला असेलच. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. चित्रपटाची चर्चा आपण न्यायव्यवस्था, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, कॅमेऱ्याची स्थिरता अशा अंगांनी भरपूर केली. मला मात्र त्यातली मृताच्या बायकोची साक्ष विसरता येत नाही. ती अगदी कोरड्या आवाजात सांगते की गटारात उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजून उतरायचा. विषारी वायूने त्याचा एक डोळा आधीच गेलेला होता, आणि संरक्षणाचे कसलेही साधन त्याच्याकडे नव्हते.

या खड्याकडे नीट पाहिले पाहिजे. निरीक्षण, त्यावरून बांधलेले अनुमान, प्रत्येक वेळी उतरण्यापूर्वी त्याची घेतलेली प्रतीक्षा आणि मग निर्णय, हे सगळे त्यात आहे. प्रयोगशाळेत याच क्रमाला आपण शास्त्रीय पद्धत म्हणतो. ज्याला वायुमापक यंत्र मिळाले नाही, त्याने झुरळाचे वायुमापक केले. त्याचे ज्ञान अपुरे होते हे खरे. झुरळ जिथे तगते तिथे माणूस तगेलच असे नाही. पण ते ज्ञान अपुरे राहिले ते त्याच्या बुद्धीमुळे नव्हे. ज्याने पूर्ण साधन द्यायचे त्याने ते दिले नाही म्हणून ते अपुरे राहिले. अशा माणसाला शिबिरात बसवून 'कौशल्यविकास' शिकवताना आपण नेमके काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

'कुशल' या शब्दापासूनच सुरुवात करू. मम्मटाने रूढिमूल लक्षणेचे उदाहरण देताना हाच शब्द घेतला आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. कुश म्हणजे दर्भ तोडून आणणारा, हा मूळ अर्थ. ते धारदार गवत बोट न कापता तोडायला जे कसब लागते त्यावरून 'निपुण' हा रूढ अर्थ. पुढे विश्वनाथाने हे उदाहरण अमान्य केले, तो वाद इथे नको. मला एवढेच दाखवायचे आहे की व्युत्पत्तीच्या या कथेत कौशल्याचा मान यज्ञासाठी गवत खुडणाऱ्या हाताला मिळाला. ज्या हाताला गटाराचे झाकण उचलायचे होते, त्याच्या कसबासाठी भाषेने शब्द घडवला नाही. त्याला जात दिली.

आजचे सरकारी कागदही त्याच वळणाने जातात. किमान वेतनाच्या हिशेबात झाडणे, कचरा उचलणे ही कामे 'अकुशल' गटात मोडतात. काम अकुशल, म्हणून दर कमी. पण तोच कामगार टाकीत गुदमरून मेला की चौकशीत, बातमीत, सोसायटीच्या खुलाशात एक वाक्य हमखास येते : मृत कामगार प्रशिक्षित नव्हते. म्हणजे पगार ठरवताना या कामाला कौशल्य लागत नाही आणि मरणाचे कारण सांगताना मात्र कौशल्य कमी पडलेले असते. दोन्ही वाक्ये एकाच व्यवस्थेची आहेत आणि दोन्हींचा तोटा एकाच माणसाला होतो. एकात त्याचे वेतन कापले जाते, दुसऱ्यात त्याच्या मरणाची जबाबदारी त्याच्याच माथी मारली जाते.

हे केवळ शब्दांचे खेळ वाटत असतील तर आपल्याच परिसरातल्या घटना आठवाव्यात. मे २०१९ मध्ये ठाण्यातील ढोकाळी भागात एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून मेले. त्याआधी, २०१८ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक परिसरात चेंबर साफ करताना तीन कामगार गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कल्याण पूर्वेत एका दूषित विहिरीत सफाईसाठी एक कामगार उतरला. तो वर येईना म्हणून आणखी दोघे उतरले. तेही येईनात म्हणून अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. पाचही जण दगावले.

कल्याणची ही विहीर 'प्रशिक्षणवादी' मंडळींनी लक्षपूर्वक पाहावी. शेवटचे दोघे जण प्रशिक्षित होते. बचावकार्य हाच त्यांचा व्यवसाय होता. विषारी वायू कोणाचे प्रमाणपत्र तपासत नाही. आत हवा आहे की नाही हे मोजणारे यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा श्वसनसंच, आणि 'हे नसेल तर मी उतरणार नाही' असे म्हणण्याची मुभा, या तीन गोष्टी एकत्र असतील तरच माणूस वाचतो. पहिल्या दोन विकत मिळतात. तिसरी कोणत्याही शिबिरात शिकवली जात नाही, आणि ती नसेल तर पहिल्या दोन कपाटात कुलूपबंद राहतात.

नकार देण्याची ही मुभा कोणाला असते? ज्याची नोकरी कायम आहे, ज्याची संघटना आहे, ज्याच्या घरी उद्याचा शिधा आहे, त्याला. ढोकाळीसारख्या घटनांत उतरणारे कामगार महापालिकेच्या हजेरीपटावर नसतात. सोसायटीने ठेकेदाराला काम दिलेले असते आणि ठेकेदाराने ती माणसे आणलेली असतात. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या दीर्घ खटल्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला, त्याला कित्येक वर्षे लागली. कागदोपत्री 'मालक कोण' हेच सिद्ध करण्यात ज्यांची उमर जाते, त्यांना मुखपट्टी बांधण्याचे प्रात्यक्षिक दाखवून आपण कृतकृत्य होतो.

आता कायद्याकडे वळतो, कारण मजकूर बारकाईने वाचणे हा तर आपल्या विषयाचा धर्म आहे. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या नेमणुकीस प्रतिबंध करणारा आणि त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा २०१३ साली झाला. त्यातील व्याख्येला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. केंद्र सरकारने ठरवून दिलेली उपकरणे आणि संरक्षक साधने वापरून जो मैला साफ करतो, तो या कायद्याच्या अर्थाने 'हाताने मैला साफ करणारा' मानला जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. पुन्हा वाचावे. मैला तोच, माणूस तोच, त्याची जात तीच. हातमोजे चढवले की तो व्याख्येतून बाहेर पडला. साधने देणे ही मालकाची जबाबदारी होती. या वाक्यात ती मालकाची सुटका झाली आहे. प्रशिक्षणाच्या शिबिरात जे घडते ते याच स्पष्टीकरणाचा प्रयोग असतो : कामगाराचे काम बदलत नाही, त्याचे वर्णन बदलते.

वर्णन बदलण्याच्या या कलेत आपण फार पुढे गेलो आहोत. जातिवाचक नाव गेले, 'हरिजन' आले. तेही गेले, 'सफाई कामगार' आले. त्यात निदान 'कामगार' होता, आणि कामगार म्हटले की वेतन, रजा, संघटना, संप हे शब्द मागोमाग येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 'सफाईमित्र सुरक्षा चॅलेंज' जाहीर केले आणि कामगाराचा 'मित्र' झाला. मित्राला पगारवाढ मागता येत नाही; मित्र संपावर जात नाही. पुढे २०२३ पासून 'नमस्ते' नावाची योजना आली. तिच्यात गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंद, संरक्षक संच, आरोग्यविमा, सुरक्षा प्रशिक्षण, यंत्रे घेण्यासाठी अर्थसाहाय्य अशा गोष्टी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच उपयोगाच्या आहेत. पण जुलै २०२१ मध्ये याच केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले होते की हाताने मैला साफ करताना कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारांत आणि टाक्यांत माणसे मरत होतीच. ती वेगळ्या रकान्यात होती. ज्यांच्या मरणालाही रकाना बदलून नाहीसे करता येते, त्यांच्या प्रशिक्षणाचे आकडे किती गांभीर्याने घ्यायचे?

इथे एक खुलासा आवश्यक आहे. वायुमापक, श्वसनसंच, जेटिंग आणि सक्शन गाड्या चालवण्याचे शिक्षण यांना माझा विरोध नाही. त्यांनी जीव वाचतात, आणि एक जीव वाचला तरी ते सगळे सार्थकी लागले. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, तेव्हा मरण महाग झाले एवढ्याचेही स्वागतच करायला हवे. माझा विरोध आहे तो या साधनांना सामाजिक न्याय समजण्याला. सुरक्षितता हा कामगाराचा किमान हक्क आहे. तो उपकार म्हणून वाटायचा आणि त्यालाच 'वंचितांचा कौशल्यविकास' म्हणून मिरवायचे, ही लबाडी आहे. विकास म्हणजे माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणे. हे प्रशिक्षण त्याला त्याच जागेवर अधिक नीटनेटके बसवते.

कौशल्य आणि जागा यांचे नाते समजून घ्यायचे तर मुंबईच्या गिरण्या आठवाव्या लागतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कितीतरी कामगार कुटुंबांच्या मागच्या पिढ्या त्याच भोंग्यावर उठत होत्या. गिरणीत विणकाम खात्याचा पगार कताई खात्यापेक्षा चांगला होता. पण धोट्यातल्या बॉबिनचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धागा आपण कसा ओढायचा, म्हणून सवर्ण कामगारांनी विणकाम खाते अस्पृश्यांना बंद ठेवले. १९२८ च्या प्रचंड संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. जात ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हा विचार पुढे १९३६ मध्ये त्यांनी सिद्धान्त म्हणून मांडला. त्याचा पुरावा गिरणीच्या दारात आधीच उभा होता. ज्याला मागावर उभेच राहू दिले नाही, तो 'अकुशल' राहणारच. मग पुढच्या पिढीला सांगायचे की तुमच्यात कौशल्य नाही, या, शिकवतो.

याची दुसरी बाजू कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये लिहून ठेवली आहे. संस्कृतसारखा, परंपरेने सर्वांत बंदिस्त ठेवलेला विषय त्या उत्तम रीतीने शिकल्या. कौशल्याचा अभाव म्हणायला इथे तसूभरही जागा नव्हती. तरी अध्यापनाची नोकरी मिळेना. दार उघडले ते आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलल्यावर, असे त्यांनीच नोंदवले आहे. हा लेख आपण अभ्यासक्रमात लावतो आणि 'दलित स्त्रीची वेदना' या मथळ्याखाली शिकवतो. तो खरे तर कौशल्यविकासाच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सक्तीने वाचायला द्यावा.

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. या विषयावरचा सुधारित शासन निर्णय २४ फेब्रुवारी २०२३ रोजी निघाला. बाहेरच्या माणसाला हा प्रकार वर्णव्यवस्थेचा सरकारी अवतार वाटतो : बापाचा झाडू पोराच्या हाती. ही टीका दिवाणखान्यात बसून करायला सोपी आहे. ज्या घराला त्या कायम नोकरीने छप्पर दिले, पोरांची फी भरली, म्हातारपणाला निवृत्तिवेतन दिले, त्या घराला ती जागा सोडा म्हणायचा अधिकार मला नाही. दुसरे दार उघडल्याशिवाय हे दार बंद करा म्हणणे हा क्रूरपणा होईल. पण ज्या कामगाराचा मुलगा पदवीधर आहे, त्याच्यापुढे आपण काय ठेवतो? शिकलेल्या वारसाला त्याच्या पात्रतेचे पद द्या, अशी कामगारांची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. मुंबई महापालिकेतील एका सफाई कामगाराने रात्रपाळीत झाडू मारत उच्च शिक्षण घेतले, आणि त्याला अभ्यास रजेसाठी झगडावे लागले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. या माणसाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःची झोप मोडून स्वतःला प्रशिक्षित केले होते. म्हणजे कौशल्याची एवढी कळकळ असलेल्या व्यवस्थेला, कौशल्य समोर उभे राहून रजा मागू लागले तेव्हा ते ओळखता आले नाही.

म्हणून मी प्रशिक्षणाच्या तीन कसोट्या मांडतो. पहिली, प्रशिक्षणानंतर पद बदलते का? झाडू मारणारा जेटिंग गाडीचा चालक, यंत्रचालक, मुकादम, स्वच्छता निरीक्षक होऊ शकतो का, आणि त्या जागा त्याच्यासाठी राखलेल्या आहेत का? स्वच्छता निरीक्षकाची पदविका आपल्याकडे आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेसारख्या जुन्या संस्था ती शिकवतात. कामगाराला पगारी रजा देऊन, फी भरून तिथे पाठवायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? दुसरी, पदाबरोबर वेतनश्रेणी बदलते का? प्रमाणपत्र भिंतीवर आणि पगार जागच्या जागी, हे प्रशिक्षण नव्हे, सत्कार आहे. तिसरी, प्रशिक्षणात नकाराचा अधिकार शिकवला जातो का, आणि तो बजावणाऱ्याची नोकरी शाबूत राहते का? या तिन्ही कसोट्यांवर न उतरणारे शिबिर घेऊच नये असे मी म्हणत नाही. त्याला सुरक्षा-सूचना म्हणावे, मालकाचे कर्तव्य म्हणावे. वंचितांचे सबलीकरण म्हणू नये.

आणखी एक कसोटी आहे, पण ती प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी. या वर्गांत शिकायला नेहमी कामगारच का बसतो? ढोकाळीच्या टाकीत माणसे उतरली कारण कोणाला तरी तसे करणे स्वस्त आणि साहजिक वाटले. सोसायटीचे पदाधिकारी, ठेकेदार, अभियंता, नगरसेवक यांच्यासाठी शिबिर का नसावे? खासगी सोसायटीत टाकी साफ करताना मेलेल्या कामगारांच्या विधवांना भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये द्यावा लागला. कायदा ठाऊक नसणे हा जर कौशल्याचा अभाव असेल, तर तो तळमजल्यापेक्षा वरच्या मजल्यांवर जास्त आहे.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांविषयी. ठाण्यात डिसेंबर २०१० मध्ये ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. कष्टाच्या कामांतून वर आलेले उत्तम कांबळे त्याचे अध्यक्ष होते. डोंबिवलीत फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे झाले. दोन्ही मंडपांतला कचरा दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी उचलला असेल, याचा अंदाज बांधायला संशोधन लागत नाही. संमेलनात आपण दलित साहित्याच्या प्रवाहाचा गौरव केला. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आईचे सूप-टोपल्या विणणे आणि लेकीचे लिहिणे एकाच विणीत येते. आईच्या बोटांतले कसब हे ज्ञान आहे, एवढी साधी आणि मोठी गोष्ट ते पुस्तक आपल्या हाती देते. आपण मात्र वर्गात त्यातून फक्त दुःख वेचून काढतो, कारण दुःखाबद्दल सहानुभूती दाखवता येते. ज्ञानाला मात्र बरोबरीची खुर्ची द्यावी लागते.

आपल्याच महाविद्यालयांत पाहा. अकरा वाजता ज्या वर्गात आत्मकथनावर व्याख्यान होते, तो वर्ग सातला ठेकेदाराच्या बाईने झाडलेला असतो. त्याच वर्गात दुपारी 'व्यक्तिमत्त्व विकासा'चा तास असतो, आणि तिथे उल्हासनगर, आंबिवली, टिटवाळ्याहून आलेल्या पोरांना त्यांच्या बोलीतले 'दोष' काढून टाकायला शिकवतात. तुझ्यात काहीतरी कमी आहे, हेच तिथलेही पहिले वाक्य असते. सफाई कामगाराचे शिबिर आणि आपला हा तास एकाच गृहीतकाची अपत्ये आहेत. पालिकेला जाब विचारण्यापूर्वी आपण तो तास तपासलेला बरा. आणि सातला येणाऱ्या त्या बाईला पगार वेळेवर मिळतो का, तिचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, तिची मुलगी आपल्याच महाविद्यालयात शिकत असेल तर उद्या कोणत्या पदासाठी अर्ज करू शकेल, हे प्रश्न प्राध्यापक संघटनेच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडावेत. त्यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही.